लघवीत साखर, रक्तात नाही: चुकलेल्या निदानाचं एक प्रकरण

ओळख पटेल असे सगळे तपशील या लेखातून काढून टाकले आहेत. रक्तातल्या साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या नेहमीच्या मापात आहेत.

पार्श्वभूमी

२६ वर्षांची एक तरुणी. नवी नोकरी लागली होती आणि रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी करायची होती. तिच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये साखरेपुढे तीन अधिक चिन्हं आली. बाकी सगळं स्वच्छ होतं. खूप तहान लागणं, वजन उतरणं, थकवा असं काही नव्हतं. लहानपणापासून रात्री एकदा लघवीला उठावं लागायचं, पण ते सगळ्यांनाच लागतं असा तिचा समज होता, त्यामुळे ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

तो रिपोर्ट घेऊन ती घराजवळच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहिली. जेवणानंतर दोन तासांनी १०४ आली. ‘आज ताब्यात दिसतेय, पण लघवीत उतरलीय म्हणजे वाढत असणारच,’ असं म्हणून ग्लिमेपिराइडची १ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आठवड्याने लघवी पुन्हा तपासली. पुन्हा तीन अधिक चिन्हं. गोळी २ मिलिग्रॅमवर गेली.

तिने गोड पूर्ण बंद केलं आणि जेवण निम्म्यावर आणलं. वजन ३ किलो उतरलं, तेव्हा ते आजाराचं लक्षण मानलं गेलं. १९ व्या दिवशी सकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं. घरच्यांनी साखर मोजली तर ५१. साखरेचं पाणी पाजल्यावर पंधरा मिनिटांत ती सावरली. त्याच दुपारी ती आईला घेऊन माझ्याकडे आली.

बसल्या बसल्या तिने पहिला प्रश्न विचारला, “डॉक्टर, मी खाणं इतकं कमी केलंय, तरी लघवीत साखर येतेच कशी?”

या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न रुग्णानेच विचारला होता. मी तिच्यासमोरच लघवीची पट्टी बुडवली. साखरेचा निळसर चौकोन आधी हिरवट झाला आणि तिसाव्या सेकंदापर्यंत गडद तपकिरी. त्याच वेळी बोटातल्या रक्तात साखर होती ७९.

मूत्रपिंडात साखरेचं काय होतं

पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो.

मूत्रपिंड रक्तातला कचरा निवडून बाहेर टाकतं अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. त्याची खरी रीत उलटी आहे. कपाट आवरताना आपण आधी सगळं बाहेर काढतो आणि मग हवं ते एकेक करून परत लावतो, तसं मूत्रपिंड करतं. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली नलिका अशा सूक्ष्म जोड्या, असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिसूक्ष्म केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे येतो, आणि या गुच्छांमधून दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर पाणी गाळून बाहेर पडतं. दिवसाला १८० लिटर. लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर, म्हणजे बाकी सगळं परत घेतलेलं असतं.

गाळणीला तीन थर आहेत: केशवाहिनीची छिद्रं असलेली भिंत, तिच्यामागचा जाळीदार पडदा, आणि बाहेरून बोटांत बोटं गुंतवल्यासारख्या बसलेल्या पेशींमधल्या फटी. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं आत अडकतात. ग्लुकोजचा रेणू अल्ब्युमिनच्या मानाने साडेतीनशे पटींहून हलका, तो बिनअडथळा बाहेर येतो. रक्तात जितकी दाट साखर, तितकीच गाळलेल्या पाण्यात. साखर १०० असेल तर दिवसाला १८० ग्रॅम ग्लुकोज अशी नेफ्रॉनमध्ये उतरते. निरोगी माणसाच्याही. दरदिवशी.

ती परत घेण्याचं काम नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या वळणदार नलिकेचं. तिच्या पेशींवर एसजीएलटी-२ नावाचं वाहक प्रथिन असतं. ते सोडियमचा एक कण आत येताना त्याच्याबरोबर ग्लुकोजचा एक रेणू ओढून घेतं. पेशीत सोडियम कमी असल्यामुळे ते आपसूक आत यायला बघतं आणि ग्लुकोज त्याचा हात धरून आत येतं. पेशीतलं सोडियम कमी ठेवायला पलीकडच्या भिंतीवर एक पंप ऊर्जा खर्चून अखंड चालू असतो. दर फेरीला तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. पेशीत आलेलं ग्लुकोज मागच्या दाराने, ग्लुट-२ नावाच्या दुसऱ्या वाहकातून, रक्तात परत जातं. नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त काम एसजीएलटी-२ करतं. जे निसटतं ते नलिकेच्या शेवटच्या भागातलं एसजीएलटी-१ टिपतं. त्याची एकूण ताकद कमी, पण पकड घट्ट. एका ग्लुकोजमागे ते दोन सोडियम खर्च करतं. म्हणून लघवीत साखर जवळपास उरतच नाही.

या वाहकांची संख्या मोजकी असते. सगळे मिळून मिनिटाला साधारण ३७५ मिलिग्रॅम ग्लुकोज परत घेऊ शकतात. साखर १०० असताना मिनिटाला १२५ मिलिग्रॅम गाळली जाते, म्हणजे तिप्पट क्षमता हाताशी आहे. कागदावरच्या हिशेबाने रक्तातली साखर ३०० होईपर्यंत ती लघवीत उतरायला नको. प्रत्यक्षात ती १८० च्या आसपासच उतरायला लागते, कारण लाखो नेफ्रॉन काही एकसारखे नसतात. कुणाचा गुच्छ मोठा तर कुणाची नलिका आखूड, अशी जी जोडी आधी भरते तिच्यातून साखर आधी सांडते.

१८० हा आकडा म्हणजे मूत्रपिंडाचा उंबरठा. लघवीत साखर दिसली की आपण घाईने म्हणतो, रक्तात वाढली. खरं तर ती दोन कारणांनी दिसू शकते: पाणी उंबरठ्याच्या वर चढलं, किंवा उंबरठाच खाली आहे.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या डॉक्टरांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी रक्त तपासलं होतं. पण दोन साक्षींमध्ये विसंगती दिसली तेव्हा त्यांनी लघवीवर विश्वास ठेवला आणि रक्ताला ‘आजच्यापुरतं’ म्हणून बाजूला सारलं. मला वाटतं, यात जुन्या सवयीचा हात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅनली बेनेडिक्ट यांनी तयार केलेलं निळं द्रावण कित्येक दशकं मधुमेहाच्या तपासणीत वापरलं जात होतं. लघवीचे थेंब टाकून तापवायचं; हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत जायचा आणि त्यावरून औषध ठरायचं. घरी रक्त तपासायची सोयच नव्हती तेव्हा तेच योग्य होतं. शिवाय ‘मधुमेह’ या शब्दातच लघवी आहे. मेह म्हणजे मूत्राचा विकार. मध तिथे आहे, रक्तात असल्याचं नावात कुठेच नाही. नाव कानात इतकं बसलेलं आहे की लघवी गोड म्हटल्यावर निदान आपोआप तोंडात येतं.

पहिली चूक त्यातून झाली. दुसरी चूक अधिक धोक्याची होती: औषधाचा डोस लघवीकडे बघून वाढवला. जिचा उंबरठाच खाली आहे, तिच्या लघवीतली साखर कोणत्याही गोळीने जाणार नाही. साखर ५१ वर येऊन ती थरथरत होती, तेव्हाही पट्टी बहुधा तपकिरीच झाली असती. हे कुणाच्या लक्षात आलं नसतं तर पुढची पायरी ३ मिलिग्रॅमची होती.

समोरचे पर्याय

त्या दुपारी माझ्यापुढे तीन वाटा होत्या. गोळी अर्धी करायची. गोळी बदलून मेटफॉर्मिन द्यायचं, ज्याने एकट्याने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. किंवा सगळं थांबवून शून्यापासून बघायचं.

पहिल्या दोन वाटा सुरक्षित वाटतात, कारण त्यात आधीच्या डॉक्टरांचं निदान मोडावं लागत नाही. पण त्या दोन्ही वाटा मधुमेह आहे असं धरूनच सुरू होतात, आणि तसं मानायला माझ्या हातात लघवीच्या पट्टीशिवाय काही नव्हतं. मी गोळी बंद केली.

भीती एकच होती. तरुण वयात इन्सुलिन आटत जाणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह नुकता सुरू झालेला असेल तर? तसं असतं तर ही गोळी त्यावरचा इलाजही नव्हे, पण नुसतं ‘बंद करा आणि घरी जा’ म्हणणंही बरोबर नव्हतं. इन्सुलिन आटलं की चरबी जळून जे कीटोन तयार होतात, ते लघवीत नव्हते. ग्लुकोमीटर घरी होताच. आठवडाभर रोज चार वेळा साखर मोजायची, २०० च्या वर गेली किंवा उलट्या, खूप तहान असं काही झालं तर त्याच दिवशी यायचं, असं ठरलं. आणि नेहमीसारखं पोटभर जेवायचं. हे शेवटचं तिच्या आईला दोनदा सांगावं लागलं.

त्या आठवड्यातले २८ आकडे तिने वहीत लिहून आणले. सगळ्यात कमी ७४, सगळ्यात जास्त १३१.

पहिली चाचणी आणि माझी चूक

रक्त आणि लघवी एकाच वेळी तपासायची हे मला माहीत होतं. म्हणून मी तिला सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये पाठवलं. रक्तात ८६, लघवीत तीन अधिक चिन्हं. मी समाधानाने रिपोर्ट बाजूला ठेवणार, तेवढ्यात लॅबच्या टेक्निशियनचा फोन आला. “सर, ही सकाळची पहिली लघवी आहे. रात्रभर साठलेली. चालेल ना?”

नव्हती चालणार. रक्ताचा नमुना त्या क्षणाचा असतो, तर मूत्राशयातली लघवी मागच्या सात-आठ तासांची बेरीज असते. रात्रीच्या जेवणानंतर साखर २२० झाली आणि पहाटेपर्यंत ८६ वर आली, तरी नेमका हाच रिपोर्ट आला असता. म्हणजे जी विसंगती सिद्ध करायची होती, तीच माझ्या पद्धतीमुळे संशयात राहिली. वहीतल्या आकड्यांमुळे तशी शक्यता कमी होती, पण ज्या निदानावर एका तरुण मुलीची नोकरी आणि पुढचं आयुष्य अवलंबून आहे ते ‘कमी शक्यते’वर सोडायचं नसतं.

दोन दिवसांनी पुन्हा केलं, या वेळी नीट. सकाळी उठल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, ती लघवी टाकून द्यायची. पेलाभर पाणी प्यायचं. अर्ध्या तासाने दुसरी लघवी घ्यायची आणि त्या अर्ध्या तासाच्या मध्यावर रक्त. रक्त ८८. पट्टी तपकिरी. आता वाद उरला नाही: साखर ८८ असताना मूत्रपिंड ती सोडून देत होतं.

लगेच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पुढची चाचणी केली, दर वेळी लघवी ताजी. तासाने रक्तात १२१, दोन तासांनी ९७. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत असला की ती चाचणी निर्दोष मानतात. तिन्ही वेळा लघवीची पट्टी सारखीच गडद. गोळी बंद होऊन नऊ दिवस झाले होते, त्यामुळे हे आकडे औषधाचे नव्हते.

एचबीएवनसी ५.१ टक्के आलं. निदानाची रेषा ६.५ ला आहे. यातही एक गोम होती. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते, पण शेवटच्या महिन्याचा वाटा त्यात सगळ्यात मोठा असतो, आणि त्या महिन्यात ती गोळीवर अन् अर्धपोटी होती. तिचं हिमोग्लोबिन चांगलं होतं म्हणून आकड्यावर भरवसा ठेवता आला, तरी तीन महिन्यांनी ही चाचणी पुन्हा करायची अशी नोंद मी तेव्हाच केली. तेव्हा ५.२ आलं.

चोवीस तासांचा हिशेब

किती साखर जाते हे पट्टी नीट सांगत नाही. म्हणून चोवीस तासांची लघवी गोळा केली. हे काम कंटाळवाणं आणि थोडं ओशाळवाणं असतं, आणि बहुतेक वेळा सूचना अर्धवट दिल्यामुळेच बिघडतं. सकाळी ७ ची लघवी टाकायची, तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची धरायची. मधली प्रत्येक लघवी डब्यात, आणि डबा थंड जागी, कारण बाहेर राहिला तर जंतू वाढतात आणि त्यातलं ग्लुकोज खाऊन टाकतात. तिने डब्यावर चिठ्ठी चिकटवून प्रत्येक वेळेची नोंद केली होती.

एकूण लघवी २.२ लिटर. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात निघणारा टाकाऊ पदार्थ, ९८० मिलिग्रॅम. ५४ किलोच्या बाईला ते साजेसं होतं, म्हणजे गोळा करताना काही सांडलं-विसरलं नव्हतं. ग्लुकोज ३८ ग्रॅम.

रक्तातलं क्रिएटिनिन ०.६ होतं. त्यावरून गाळणीचा वेग मिनिटाला ११३ मिलिलिटर निघतो. दिवसभराची साखर सरासरी ९० धरली तर मिनिटाला सुमारे १०२ मिलिग्रॅम, दिवसाला १४६ ग्रॅम ग्लुकोज गाळलं जात होतं. त्यातलं ३८ गेलं, १०८ परत आलं. चार भागांतला एक भाग वाहून जात होता. गाळणी उत्तम, परत घेणारे हात कमी.

तिला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. ३८ ग्रॅम साखर म्हणजे दीडशे कॅलरी, रोज. आणि साखर आपल्याबरोबर पाणी ओढते म्हणून रात्रीचं ते एकदा उठणं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे मी आजारी नव्हतेच.”

दुसरं काही निसटत तर नाही ना

इथे घाईने ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळं होण्याचा मोह असतो. लघवीत साखर आणि रक्तात नाही, याची सगळीच कारणं निरुपद्रवी नसतात.

सगळ्यात आधी औषधं. ज्या गोळ्यांच्या नावांच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, त्या नेमकं एसजीएलटी-२ अडवतात. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळं काढलेल्या फ्लोरिझिन या पदार्थापासून ती वाट सुरू झाली. त्याने लघवीत साखर उतरते हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं, आणि २०१२ नंतर या गोळ्या मधुमेहासाठी बाजारात आल्या. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी चुकून घेतली जातेय का, वजन कमी करायला काही सुरू आहे का, हे मी विचारलं. तसं नव्हतं. गरोदरपणात गाळणीचा वेग जवळजवळ दीडपट होतो आणि रक्तातली साखर बरोबर असूनही ती लघवीत उतरू शकते, म्हणून ती चाचणीही केली. नव्हती.

मग नलिकेचा प्रश्न. साखर परत घेणारी जी नलिका, तीच फॉस्फेट, बायकार्बोनेट, युरिक ॲसिड, अमिनो ॲसिडंही परत घेते. नलिकाच दुखावलेली असेल, काही औषधांनी, जड धातूंनी, जन्मजात विकाराने किंवा रक्ताच्या काही आजारांत, तर साखरेबरोबर हे सगळं निसटायला लागतं. त्याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात आणि तो हाडं ठिसूळ करतो. तिचं फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट, युरिक ॲसिड, सगळं जागेवर होतं. लघवीत प्रथिन नव्हतं, अमिनो ॲसिडं नेहमीइतकीच. दोष एकट्या साखरेपुरता होता.

तिसरी शक्यता मला जास्त छळत होती. एचएनएफ-१ए या जनुकातल्या बिघाडाने तरुणपणीच मधुमेह होतो, आणि त्यात मूत्रपिंडाचा उंबरठा खाली असल्यामुळे रक्तातली साखर वाढण्याच्या आधीपासून लघवीत साखर दिसू शकते. शिवाय या लोकांना ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या फार जोरात लागू पडतात. ५१ चा तो प्रसंग या चित्रातही बसत होता. विरुद्ध बाजूला दोन गोष्टी होत्या. त्या विकारात ग्लुकोज पाजल्यावर साखर उंच उसळते, इथे ती १२१ च्या पुढे गेली नव्हती. आणि पिढ्यान् पिढ्या तरुण वयात मधुमेह असा इतिहास असतो, इथे आजी-आजोबांपर्यंत कुणालाच नव्हता. मी ही शक्यता पूर्ण पुसली नाही. वर्षातून एकदा रक्त तपासायचं ठरवून तिला जागा ठेवली.

आई-वडिलांची आणि धाकट्या भावाची ताजी लघवी तपासली. आईची पट्टी एक अधिक, वडिलांची कोरी, भावाची एक अधिक. तिघांची रक्तातली साखर उत्तम. चित्र जुळत होतं: एसएलसी५ए२ या जनुकाची एक प्रत बिघडली तर थोडी साखर जाते किंवा अजिबात दिसत नाही, दोन्ही बिघडल्या तर दिवसाला १० ग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. याला वंशागत वृक्कीय ग्लुकोजमूत्रता म्हणतात. नाव भीतिदायक आहे, पण त्यावर औषध लागत नाही आणि मूत्रपिंडही त्याने बिघडत नाही.

जनुकाची चाचणी करावी का, यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. माझा कल करण्याकडे होता. एचएनएफ-१एचा काटा त्याने निघाला असता. तिने विचारलं, “उत्तर काहीही आलं तरी तुम्ही उद्या वेगळं काय करणार?” प्रामाणिक उत्तर होतं, फारसं काही नाही. वर्षाला रक्त तपासणं दोन्हीकडे आलंच. आम्ही ती केली नाही. साखर पुढे कधी चढायला लागली तर करायची, अशी नोंद फायलीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या दिवशी दवाखान्यात १०४ आली, तेव्हाच ताजी लघवी तपासली असती तर उंबरठ्याचा प्रश्न तिथेच उभा राहिला असता. लक्षणं नसलेल्या माणसाला नुसत्या पट्टीवर गोळी सुरू करायची काहीच निकड नव्हती. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी यायला फार तर दोन दिवस लागतात. आणि उपचाराला लघवी दाद देत नाही हे आठवड्यात दिसलं, तेव्हा डोस वाढवण्याआधी निदानाकडे परत वळायला हवं होतं. माझ्या मते या प्रकरणातली खरी संधी ती होती.

माझ्या बाजूने: साठलेल्या लघवीची चूक टेक्निशियनने पकडली, मी नाही. तेव्हापासून लॅबच्या चिठ्ठीवर मी ‘दुसरी लघवी, रक्त त्याच अर्ध्या तासात’ असं अक्षरी लिहितो. आणि रात्री उठण्याचा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारला नाही, तिसऱ्या भेटीत विचारला. तो आधी विचारला असता तर हे सगळं लहानपणापासूनचं आहे याचा धागा लवकर मिळाला असता.

पहिल्या डॉक्टरांना कळवायचं कसं, हाही एक निर्णयच होता. तिच्यामार्फत निरोप धाडणं सोपं होतं, पण त्यात तिलाच दोघांच्या मध्ये उभं राहावं लागलं असतं. मी फोन केला आणि सगळे आकडे वाचून दाखवले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्यांनी विचारलं, “ती आता बरी आहे ना?” आणि रिपोर्टांच्या प्रती मागवून घेतल्या.

पुढे

नोकरीच्या ठिकाणी मी रिपोर्टांसह पत्र दिलं. त्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर स्वतः तपासून घेतली आणि तिला रुजू करून घेतलं. उतरलेलं वजन दोन महिन्यांत भरून आलं. तिला एवढंच सांगितलं होतं: पाणी कमी पडू द्यायचं नाही, लांबलचक उपास टाळायचे, जांघेत खाज किंवा बुरशी झाली तर दुर्लक्ष करायचं नाही, आणि ग्लिफ्लोझिनची गोळी कुणी लिहून दिली तर आधी ही फाइल दाखवायची.

सोबत चार ओळींचं एक पत्र दिलं, कायम जवळ ठेवायला: ‘यांच्या लघवीत साखर नेहमीच असते. ती मधुमेहाची खूण नाही. साखरेबद्दल शंका आल्यास रक्त तपासावं. लघवीवरून औषध सुरू करू नये, वाढवू नये.’

तीन वर्षांनी ती गरोदर राहिली. पहिल्याच तपासणीला पट्टी पाहून नर्स घाईघाईने डॉक्टरांना बोलवायला निघाली, तेव्हा तिने पर्समधून ते पत्र काढून पुढे धरलं. २६ व्या आठवड्यात ग्लुकोजची चाचणी झाली: उपाशीपोटी ७८, तासाने १२४, दोन तासांनी १०३. लघवीची पट्टी बाळंतपणापर्यंत तपकिरीच राहिली आणि कुणी गोळी दिली नाही.

मुलगी झाली. तिच्या त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक, बिघडलेली, आईकडून आलेली असणार, म्हणजे पुढे कधीतरी तिच्याही लघवीत साखरेची खूण उमटू शकते. बाळाची तपासणी करायची गरज नव्हती. पण बाळाची फाइल तयार झाली तेव्हा तिच्या पहिल्या पानावर, जन्मतारखेच्या खाली, आईने स्वतःच्या हाताने ते पत्र उतरवून ठेवलं.